मोंटाना राज्यातील निवडणूक देणग्यांचे नियमन : इतिहास हा पुरावा ठरतो काय? (१८९९ ते २०१९)

प्रस्तावना

अमेरिकेच्या संघराज्यीय रचनेत निवडणुकीतील पैशाचे नियमन दोन पातळ्यांवर होते. राष्ट्राध्यक्ष व काँग्रेस यांच्या निवडणुकांचे नियम संघराज्य करते. गव्हर्नर, राज्य विधिमंडळाचे सदस्य व लोकांनी निवडून द्यावयाचे न्यायाधीश यांच्या निवडणुकांत कोणी किती देणगी द्यावी आणि तिचा हिशेब कोणापुढे उघड करावा, हे प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने ठरवते. (तेथील गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालाप्रमाणे नियुक्त केलेला नसून जनतेने निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो.) मात्र या सर्व कायद्यांवर अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाची नजर असते. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ या निवाड्यात न्यायालयाने असे ठरवले की उमेदवाराला दिलेल्या देणगीवर मर्यादा घालता येईल. परंतु स्वतःच्या मताच्या प्रचारासाठी कोणी स्वतंत्रपणे केलेल्या खर्चावर घालता येणार नाही, कारण तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग होय. देणगीवरील मर्यादेचे समर्थनही भ्रष्टाचार अथवा भ्रष्टाचाराचा आभास टाळणे या हेतूनेच होऊ शकते.

मग भ्रष्टाचार होता किंवा होऊ शकतो, हे राज्याने सिद्ध कसे करावे? एखाद्या प्रदेशाचा शंभर वर्षांचा अनुभव न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य मानावा काय? प्रस्तुत निबंधात मोंटाना या राज्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

तांब्याचे राजकारण

मोंटाना १८८९ मध्ये राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले. क्षेत्रफळाने विस्तीर्ण, लोकसंख्येने विरळ आणि अर्थव्यवस्थेने जवळजवळ एकाच खनिजावर उभे असलेले हे राज्य होते. ब्यूट शहराखालील तांब्याच्या खाणींनी विल्यम क्लार्क, मार्कस डेली आणि पुढे ऑगस्टस हाइन्झ यांना अफाट धन मिळवून दिले. मोंटानाच्या इतिहासात हे तिघे 'तांब्याचे राजे' म्हणून ओळखले जातात. राज्याची राजधानी कोणती असावी यासाठी १८९४ मध्ये झालेल्या मतदानातही क्लार्क हेलेनाच्या बाजूने आणि डेली अ‍ॅनाकोंडाच्या बाजूने पैसा ओतत होते. हेलेना जिंकले.

त्या काळी अमेरिकन सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत असत. त्यामुळे काही डझन आमदारांची मते विकत घेतली की सिनेटची जागा हाती येई. क्लार्क यांना ती जागा हवी होती. जानेवारी १८९९ मध्ये फ्रेड व्हाइटसाइड या राज्य सिनेटरने क्लार्क यांच्या माणसांनी मतांसाठी दिलेले तीस हजार डॉलर विधिमंडळापुढे उघड केले. एवढा रोकड पुरावा समोर असूनही हेलेना येथील ग्रँड ज्युरीला आरोपपत्रासाठी पुरेसा आधार आढळला नाही, व्हाइटसाइड यांनाच आपली जागा गमवावी लागली, आणि महिना संपण्यापूर्वी क्लार्क निवडून आले. १९०० मध्ये सिनेटच्या समितीने त्यांची निवड रद्द ठरवण्याची शिफारस केली, तेव्हा मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. याच सुमारास गव्हर्नर राज्याबाहेर गेले होते. ती संधी साधून लेफ्टनंट गव्हर्नरने त्याच रिक्त जागेवर क्लार्क यांचीच नेमणूक केली. गव्हर्नरांनी परतल्यावर ती रद्द केली. तरीही १९०१ मध्ये क्लार्क पुन्हा निवडून आले आणि १९०७ पर्यंत सिनेटमध्ये बसले. सिनेटची निवड थेट जनतेकडे सोपवणारी सतरावी घटनादुरुस्ती १९१३ मध्ये झाली, तिच्या पार्श्वभूमीत या प्रकरणाचा उल्लेख नेहमी होतो.

व्यक्तींच्या स्पर्धेनंतर कंपनीचे पर्व आले. स्टँडर्ड ऑइलशी संबंधित भांडवलदारांनी १८९९ मध्ये स्थापन केलेल्या अमॅल्गमेटेड कॉपर कंपनीने डेली यांचा अ‍ॅनाकोंडा उद्योग आपल्याकडे घेतला. स्थानिक न्यायाधीश हाइन्झच्या प्रभावाखाली होते, आणि त्यांचे निर्णय कंपनीविरुद्ध जात. त्यावर ऑक्टोबर १९०३ मध्ये कंपनीने राज्यातील आपले व्यवहार एकाएकी बंद केले. हजारो कामगार हिवाळ्याच्या तोंडावर बेकार झाले. पक्षकाराला न्यायाधीश बदलून मागता यावा असा कायदा करा, तरच काम सुरू होईल, अशी अट होती. गव्हर्नर टूल यांनी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले व कायदा झाला. मागणी वरवर पाहता वाजवीच होती. पण एका कंपनीने साऱ्या राज्याची उपासमार समोर ठेवून कायदा करून घेतला, ही गोष्ट मोंटानाचे लोक विसरले नाहीत.

१९१२ चा कायदा

आमदारांवर भरवसा उरला नव्हता. म्हणून सुधारणावाद्यांनी लोकउपक्रमाचा, म्हणजे मतदारांनी स्वतःच कायद्याचा मसुदा मांडून मतदानाने संमत करण्याचा मार्ग धरला. नोव्हेंबर १९१२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने निवडणूक भ्रष्टाचारविरोधी कायदा संमत केला. कंपन्यांनी उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात पैसा देण्यास त्याने मनाई केली. क्लार्क अजून हयात असताना झालेला हा कायदा म्हणजे अमूर्त तत्त्वचिंतनाचे फळ नव्हते.

या कायद्यामुळे कंपनीचा प्रभाव संपला, असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. राज्यातील बहुतेक प्रमुख दैनिके अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या मालकीची होती व ती १९५९ पर्यंत तिच्याच हाती राहिली. ज्याच्या हातात वर्तमानपत्र आहे त्याला देणगीची गरज कमीच भासते. सत्तेच्या या दुसऱ्या वाटेकडे कायद्याने पाहिले नव्हते. १९७२ च्या नव्या राज्यघटनेत नागरिकांचा 'जाणून घेण्याचा हक्क' स्पष्ट शब्दांत आला आणि १९७५ मध्ये निवडणूक हिशेबांवर देखरेख ठेवणारे राजकीय व्यवहार आयुक्त हे पद निर्माण झाले. मर्यादेला प्रकटतेची जोड मिळाली ती येथे.

दोन न्यायालये, एक इतिहास

२१ जानेवारी २०१० रोजी सिटिझन्स युनायटेड निवाड्याने कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरील संघराज्यीय बंदी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी वेस्टर्न ट्रॅडिशन पार्टनरशिप या संस्थेने मोंटानाच्या १९१२ च्या कायद्याला आव्हान दिले. सोबत एक छोटा रंगकाम व्यवसाय आणि नेमबाजांची एक संघटनाही वादी होती. जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण ३० डिसेंबर २०११ रोजी मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध दोन मतांनी फिरवला. सरन्यायाधीश मॅकग्राथ यांच्या निकालपत्रात क्लार्क, हाइन्झ, १९०३ ची खाणबंदी हे सारे विस्ताराने येते. मोंटाना विद्यापीठातील इतिहासकार हॅरी फ्रिट्झ यांचे प्रतिज्ञापत्र न्यायालयाने विचारात घेतले. निधीची वाट पुसून टाकण्याचे आश्वासन देणगीदारांना देणारे वादी संस्थेचे साहित्यही न्यायालयापुढे होते. मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती नेल्सन यांना सिटिझन्स युनायटेडचा तर्क मान्य नव्हता. परंतु वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय बंधनकारक आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१२ रोजी तोंडी युक्तिवादही न ऐकता, अत्यंत संक्षिप्त आदेशाने, पाच विरुद्ध चार मतांनी हा निकाल रद्द केला. मोंटानाच्या बाजूने बावीस राज्यांनी निवेदन दिले होते. बहुमताच्या दृष्टीने प्रश्न वस्तुस्थितीचा नव्हताच. सिटिझन्स युनायटेड मोंटानालाही लागू आहे, यात शंका नाही, एवढ्यावर विषय संपला. इतिहास खोटा ठरला नाही, तो अप्रस्तुत ठरला. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन गोष्टींतील फरक अधिक बोचणारा आहे.

देणगीची मर्यादा व पुराव्याचे पुनरागमन

स्वतंत्र खर्चाची बाजू अशी हातची गेली, तरी उमेदवाराला थेट द्यावयाच्या देणगीचे नियम शिल्लक होते. १९९४ मध्ये मतदारांनी पुन्हा लोकउपक्रमानेच व्यक्तिगत देणगीची कमाल मर्यादा गव्हर्नरपदासाठी ४०० डॉलर आणि विधिमंडळासाठी अवघी १०० डॉलर अशी खाली आणली होती; पुढे ती थोडी वाढवण्यात आली. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी एका संघराज्यीय जिल्हा न्यायाधीशांनी या मर्यादा रद्द केल्या. सहा दिवसांनी अपील न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. पण तेवढ्या अवधीत गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराने आपल्या पक्षाकडून पाच लाख डॉलर स्वीकारले होते. मर्यादा नसती तर काय होईल, या प्रश्नाचे याहून बोलके उत्तर शोधावे लागत नाही.

२०१७ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने या मर्यादा वैध ठरवल्या, आणि तेथे जुने कागद कामी आले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी एका राज्य सिनेटरने सहकाऱ्यांना लिहिलेले पत्र पुराव्यात होते. विमा व्यवसायातील मंडळींनी देणग्यांचा शब्द पाळला आहे, तेव्हा त्यांच्या विधेयकाकडे लक्ष द्यावे, अशा आशयाचे हे पत्र वाचल्यावर नष्ट करावे अशी सूचना त्यातच होती. ते नष्ट झाले नाही. कामगार संघटनांच्या विरोधातील एका गटाने २००९ मध्ये अनुकूल विधेयक मांडणाऱ्या आमदारांना किमान एक लाख डॉलर निवडणूक मदत देऊ केल्याचाही उल्लेख निकालात आहे. न्यायालयाला येथे लाच सिद्ध झालेली नको होती. देवाणघेवाणीचा धोका कल्पित नाही, एवढे दाखवणे पुरेसे होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले आणि मर्यादा टिकल्या.

स्वतंत्र खर्च थांबवता येत नाही, तर तो कोणाचा हे तरी कळावे, या विचारातून २०१५ चा प्रकटता कायदा आला. रिपब्लिकन सिनेटर ड्युएन अँकनी यांनी तो मांडला, त्यांच्या पक्षातील काही सदस्य डेमोक्रॅट आमदारांबरोबर गेले, आणि १९१२ च्या कायद्याची बाजू अ‍ॅटर्नी जनरल म्हणून लढवणारे स्टीव्ह बुलॉक यांनी गव्हर्नर या नात्याने त्यावर स्वाक्षरी केली. मतदान सुरू होण्यापूर्वीच्या साठ दिवसांत उमेदवाराचे नाव घेऊन प्रचारसाहित्य काढणाऱ्या संस्थेने ठरावीक रकमेपुढील खर्च जाहीर करावा, असा त्याचा गाभा होय. बंदुकीच्या हक्कासाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेने त्यास आव्हान दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये अपील न्यायालयाने कायदा जवळजवळ संपूर्ण मान्य केला; अशा संस्थेचा खजिनदार मोंटानाचा नोंदणीकृत मतदारच असला पाहिजे, ही एक अट मात्र रद्द केली.