पंपात आधी पाणी कोणी भरायचे?

बीड जिल्ह्यात ज्याने विहिरीवरचा पंप चालविला आहे, त्याला ठाऊक असते की कोरडा पंप बटण दाबूनही पाणी उचलत नाही. आधी त्यात पाणी ओतावे लागते. तळाचा फूटव्हॉल्व्ह गळका नसेल, तर ते टिकते आणि दुसऱ्या दिवशी पंप लगेच चालतो. संगणकाची अडचण अशीच आहे. आज्ञावली वाचून घेण्यासाठी ‘वाचून घे’ असे सांगणारी आज्ञावली स्मृतीत आधीच असावी लागते. ती कोणी भरायची?

केंब्रिजच्या एडसॅक संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालविली. त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांतील ध्वनिस्पंदांची होती. वीज गेली की सारे पुसले जाई. म्हणून डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या ३१ आज्ञा टेलिफोन एक्स्चेंजमधील फिरत्या स्विचांवर तारांनी कायमच्या जोडून ठेवल्या होत्या. बटण दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि कागदी पट्टीवरील आज्ञावली वाचू लागत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्ये चुंबकीय कड्यांची स्मृती होती. अशी स्मृती वीज गेली तरी मजकूर धरून ठेवते. पण एखादी चुकलेली आज्ञावली तिच्यावर दुसरेच काही लिहू शकते. १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर तर या पहिल्या आज्ञा दर्शनी पट्टीवरचे स्विच वरखाली करून हातांनीच भराव्या लागत.

यावर उपाय म्हणजे न पुसणारी स्मृती, अर्थात रॉम. आज अनेक मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्ये कारखान्यातच एक छोटी आज्ञावली भरलेली असते. तिला बूटलोडर म्हणतात. चिपचा हाच फूटव्हॉल्व्ह!

आता शाळेच्या प्रयोगशाळेत येऊ. बोर्ड यूएसबीने जोडला, पण संगणकाला तो दिसत नाही. ‘बोर्ड गेला’ म्हणून तो कपाटात पडतो. परंतु या आज्ञा वापरणाऱ्याला सहसा पुसता येत नाहीत. तेव्हा दोष बहुधा त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत असतो.

प्रथम केबल बदलावी. केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात. मग प्रवेशाची खूण पाहावी. एसटीएम३२ मालिकेतील अनेक चिप ‘बूट-०’ ही पिन फक्त रीसेटच्या क्षणी वाचतात. नंतर ती बदलून उपयोग नाही. २०२१ च्या रास्पबेरी पाय पिकोचे ‘बूटसेल’ बटणही केबल जोडतानाच दाबून धरावे लागते. तिसरी गोष्ट घड्याळाची. यूएसबीला अचूक ठेका लागतो. पिकोवर १२ मेगाहर्ट्झचा आणि एसटीएम३२एफ४०७ वर बाहेरचा क्रिस्टल चालत नसेल, तर यूएसबी बूटलोडर गप्प राहतो. शेवटी माहितीपत्रक उघडावे. एसटीएम३२एफ१०३ च्या अंगभूत बूटलोडरला यूएसबी येतच नाही. त्याच्याशी सीरियल तारांनीच बोलावे लागते.

विद्यार्थ्यांसमोर ही तपासणी क्रमाने करावी. पंप बिघडला म्हणण्याआधी शेतकरी फूटव्हॉल्व्ह, पाइप आणि वीज पाहतो. बोर्ड टाकून देण्याआधी आपणही तेवढे पाहावे.