बेडवेटिंग म्हणजे काय? अर्थ, मराठी शब्द आणि वापर

'बेडवेटिंग' हा शब्द सोशल मीडियावर दोन अगदी वेगळ्या संदर्भांत दिसतो. पालकांच्या ग्रुपवर तो मुलांच्या आरोग्याबद्दल असतो. अमेरिकेच्या राजकारणावरील पोस्टमध्ये मात्र तो टोमणा असतो.

मूळ अर्थ

बेड म्हणजे अंथरूण आणि वेटिंग म्हणजे ओले करणे. झोपेत नकळत लघवी होऊन अंथरूण ओले होणे म्हणजे बेडवेटिंग. ज्याला हा त्रास आहे त्याला इंग्रजीत 'बेडवेटर' म्हणतात. इथे 'नकळत' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. मूल हे मुद्दाम करत नाही आणि आळसानेही करत नाही.

मराठीत काय म्हणतात?

घरात सहसा 'गादी ओली करणे' किंवा 'झोपेत शू होणे' असे म्हटले जाते. डॉक्टरांशी बोलताना 'अंथरुणात लघवी होणे' हे स्पष्ट आणि योग्य. आयुर्वेदात यासाठी 'शय्यामूत्र' हा शब्द आहे, तर आधुनिक वैद्यकात 'नॉक्टर्नल एन्युरेसिस' म्हणतात. 'मुतऱ्या' हा शब्द मात्र सरळसरळ हिणवणारा आहे.

'करणे' आणि 'होणे' यांतला फरकही लक्षात घ्या. 'तो गादीत शू करतो' म्हटले की दोष मुलावर जातो. 'त्याला झोपेत शू होते' म्हटले की तो एक त्रास आहे हे कळते.

कोणत्या वयात हा त्रास मानतात?

पाच वर्षांपर्यंत हे सामान्य समजले जाते. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 15 टक्के मुलांना हा त्रास असतो आणि वय वाढेल तसा बहुतेकांचा तो आपोआप थांबतो. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो जास्त आढळतो. आई किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला होण्याची शक्यता वाढते.

कारणे शारीरिक असतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी यासाठी शरीरात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक काम करते. काही मुलांमध्ये ते रात्री पुरेसे तयार होत नाही. काहींना मूत्राशय भरल्यावरही जाग येत नाही. बद्धकोष्ठता हेही एक कारण असते.

सहा महिने किंवा जास्त काळ कोरडे गेल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मानसिक ताण असू शकतो. मुलाला खूप तहान लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर अजिबात थांबू नये.

राजकारणातला अर्थ

अमेरिकी राजकारणात निवडणुकीच्या भीतीने घाबरगुंडी उडालेल्या स्वपक्षीयांना 'बेडवेटर' म्हणतात. बराक ओबामा यांच्या 2008 च्या प्रचाराचे व्यवस्थापक डेव्हिड प्लूफ यांनी जानेवारी 2010 मध्ये वॉशिंग्टन पोस्टमधील लेखात आपल्याच पक्षाला 'बेडवेटिंग नको' असे बजावले होते. जून 2024 मध्ये जो बायडेन यांची ट्रम्प यांच्याशी झालेली वादचर्चा फसली. बायडेन यांनी माघार घ्यावी, अशी मागणी होऊ लागली, तेव्हा त्यांच्या प्रचारयंत्रणेने एका ईमेलमध्ये मागणी करणाऱ्यांना 'बेडवेटिंग ब्रिगेड' म्हटले. पुढच्याच महिन्यात बायडेन यांनी माघार घेतली.

मराठीत या अर्थासाठी 'गर्भगळीत होणे', 'पाचावर धारण बसणे' किंवा 'हातपाय गाळणे' हे वाक्प्रचार चपखल बसतात. अशा बातमीचे भाषांतर करताना 'अंथरूण ओले करणारे' असे शब्दशः लिहिले तर वाचकाला काहीच कळत नाही.

उदाहरणे

- बेडवेटिंगसाठी मुलांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. (मूळ अर्थ)
- एक सर्व्हे विरोधात गेला आणि पक्षात बेडवेटिंग सुरू झाले. (टोमणा)

वापरताना काय लक्षात ठेवावे?

हा टोमणा चालतो तो बेडवेटिंग ही लाजेची गोष्ट मानली जाते म्हणूनच. याच लाजेपोटी अनेक मुले शाळेची सहल किंवा मामाच्या घरचा मुक्काम टाळतात, आणि पालक डॉक्टरांकडे जायला उशीर करतात. ओरडून किंवा चारचौघांत सांगून हा त्रास थांबत नाही, उलट ताण वाढतो. ओलसरपणा जाणवताच वाजणारा अलार्म आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले औषध, हे उपाय उपलब्ध आहेत.

मुलाच्या ओल्या गादीचा फोटो किंवा 'गमतीदार' व्हिडिओ मात्र कधीही पोस्ट करू नये. मूल मोठे झाले तरी तो इंटरनेटवर राहू शकतो.