न उच्चारलेला एक शब्द

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्ककडे निघालेले आव्हियान्का ५२ हे बोइंग ७०७ विमान खराब हवामानामुळे वाटेत तीन ठिकाणी मिळून सुमारे ७७ मिनिटे घिरट्या घालत राहिले. पर्यायी विमानतळ बॉस्टन. पण तिथवर पोहोचण्यासाठी राखलेले इंधन या प्रतीक्षेतच जळाले.

उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कप्तानाने आणीबाणी जाहीर करण्यास सांगितले. सहवैमानिकाने नियंत्रकांना ‘इंधन संपत आले आहे’ एवढेच कळवले. थोड्याच वेळात चारही इंजिने बंद पडली. १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. टाक्या रिकाम्या होत्या, म्हणून आग मात्र लागली नाही.

आज ३० मिनिटांच्या अंतिम राखीव साठ्याला हात लागणार असे दिसताच जेट विमानाच्या वैमानिकाने ‘मेडे फ्युएल’ असे स्पष्ट शब्दांत पुकारणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आवश्यक आहे.