रुजण्याची घटिका

स्त्रीच्या अंडाशयांतून बीजांड बाहेर पडलें म्हणजे त्या रिकाम्या जागीं एक लहानशी पिवळी गांठ तयार होते. शास्त्रकार तिला पीतपिंड म्हणतात. डच वैद्य रेनिये द ग्राफ यांनीं १६७२ सालीं तिचें वर्णन करून ठेविलें होतें; पण ती कशासाठीं असते, हें कळण्यास सव्वादोनशें वर्षें जावीं लागलीं.

ब्रेस्लाउ येथील गर्भविज्ञानाचे पंडित गुस्ताव्ह बोर्न यांस अशी शंका आली कीं, गर्भ रुजावा म्हणून गर्भाशयाची सिद्धता करणारा कांहीं स्राव हा पिंड रक्तांत सोडीत असावा. १९०० सालीं ते निवर्तले. तत्पूर्वीं त्यांनीं ही कल्पना लुडविग फ्रेंकेल यांस सांगितली होती. फ्रेंकेल यांनीं सशांच्या माद्यांवर प्रयोग केले. समागमानंतर पहिल्या कांहीं दिवसांतच पीतपिंड जाळून टाकले, तर गर्भ रुजत नसे. १९०३ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तथापि स्त्रीच्या गर्भाशयाविषयींचें अज्ञान कायमच होतें. त्याचें आंतील अस्तर कधीं पातळ, तर कधीं जाड व ग्रंथींनीं फुगलेलें दिसे. या फुगवट्यास वैद्य दाह समजत आणि तें अस्तर खरवडून काढीत. १९०८ सालीं व्हिएन्ना येथील हिट्शमान व आड्लर यांनीं ऋतुचक्राच्या निरनिराळ्या दिवसांचीं अस्तरें तपासून दाखविलें कीं, हा रोग नव्हे. निरोगी स्त्रीच्या ठायीं दर महिन्यास घडणारा तो क्रम आहे. जी गर्भाच्या स्वागताची तयारी, तिलाच व्याधी समजून स्त्रियांवर उपचार होत आले होते.

१९२९ सालीं अमेरिकेंत रॉचेस्टर येथें जॉर्ज कॉर्नर व विलार्ड ॲलन यांनीं डुकरिणींच्या पीतपिंडांचा अर्क काढला. अंडाशय काढून टाकलेल्या सशांच्या माद्यांना तो टोंचला असतां त्यांच्या उदरांत गर्भ रुजले. १९३४ सालीं त्यांतील शुद्ध द्रव्य हातीं आलें, तेंच प्रोजेस्टेरॉन.

मग काळाचा प्रश्न पुढें आला. एम्. सी. चांग यांनीं १९५० सालीं एका सशाच्या मादीचे गर्भ दुसरीच्या गर्भाशयांत ठेवून पाहिले. गर्भाचें वय आणि अस्तराची अवस्था यांचा मेळ बसला, तर ते वाढत. दिवसांचें अंतर फार पडलें, तर नाश पावत.

स्त्रीच्या बाबतींतही हाच नियम आहे. इस्ट्रोजेनमुळें अस्तर वाढतें. बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन त्याच्या ग्रंथींस पोषक रस स्रवावयास लावतें, आणि पेशी फुगून मऊ होतात. एरव्हीं गर्भास दूर ठेवणारा पृष्ठभाग थोड्या दिवसांपुरता त्यास चिकटूं देतो. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत बहुतेक गर्भ आठव्या ते दहाव्या दिवशीं रुजल्याचें आढळलें. गर्भ रुजला, तर तो स्वतःच्या स्रावानें पीतपिंडास जगवितो. न रुजल्यास सुमारें चौदा दिवसांत पिंड सुकतो आणि अस्तर गळून पडतें.

१९७८ सालीं इंग्लंडांत शरीराबाहेर फलित झालेल्या बीजांडापासून पहिलें मूल जन्मलें. आज गोठविलेला पांच दिवसांचा गर्भ गर्भाशयांत सोडण्यापूर्वीं स्त्रीस बहुधा पांच दिवस प्रोजेस्टेरॉन देतात. हा हिशेब चांग यांच्या सशांनीं शिकविलेला आहे. तरीही कित्येकदां उत्तम गर्भ सुद्धां रुजत नाहीं, आणि त्याचें कारण दर वेळीं सांगतां येतेंच असें नाहीं. अशा वेळीं स्त्रीस दोष देण्यास शास्त्राचा कांहींच आधार नाहीं.