राणीचा कुंभार

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशर नावाचा परगणा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील बर्स्लेम गावाची ख्याती एवढीच, की तेथे मातीची भांडी होत आणि भट्ट्यांचा धूर आकाश काळवंडून टाकी. रस्ते असे चिखलाचे की तयार माल तट्टांच्या पाठीवर लादून न्यावा लागे आणि वाटेत त्याचा बराच चुरा होई. अशा या गावी एका कुंभाराच्या घरी 1730 साली जोसाया वेजवुडचा जन्म झाला. नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. पुढे देवीच्या आजाराने त्याचा उजवा गुडघा असा दुबळा केला की पायाने फिरवावयाचे कुंभाराचे चाक त्याच्याकडून चालेना. ज्याचा पिढीजात धंदा पायाच्या बळावर चालायचा, त्याचा पायच निकामी झाला.

चाक सुटले तेव्हा तो मातीच्या मिश्रणांकडे, झिलईकडे आणि भट्टीच्या आचेकडे वळला. 1759 साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. शेकडो प्रयोग करून, त्यांच्या नोंदी ठेवून त्याने सायीच्या रंगाचे, हलके आणि गुळगुळीत असे भांडे सिद्ध केले. चीनमधून येणारी चिनी मातीची भांडी श्रीमंतांनाच परवडत; इतरेजन कथील, लाकूड किंवा ओबडधोबड माती यांवरच भागवीत. वेजवुडचे भांडे या दोहोंच्या मध्ये बसणारे होते. परंतु माल उत्तम आहे एवढ्यानेच तो विकला जात नाही, ही गोष्ट त्या काळच्या कुंभारांपैकी फारच थोड्यांनी ओळखली होती.

1765 साली शार्लट राणीकडून चहाच्या भांड्यांच्या एका संचाची मागणी आली. वेजवुडने ती जिवापाड मेहनत घेऊन पुरी केली आणि आपल्या सायीरंगी भांड्यांना ‘राणीची भांडी’ असे नाव देण्याची अनुज्ञा मिळविली. पुढच्याच वर्षी त्याला राणीचा कुंभार ही पदवी मिळाली. भांडे तेच, माती तीच. पण नावासरशी त्याची मागणी वाढली. वस्तूच्या गुणाचा आणि ग्राहकाच्या मानाचा वाटा त्यात किती, असा प्रश्न स्वतः वेजवुडलाही पडला होता, असे त्याच्या पत्रव्यवहारावरून दिसते.

या पत्रव्यवहारातला दुसरा पुरुष म्हणजे लिव्हरपूलचा सुविद्य व्यापारी टॉमस बेंटली. 1762 साली गुडघा दुखावल्यामुळे वेजवुड लिव्हरपूलला अंथरुणाला खिळून होता, तेव्हा दोघांची ओळख झाली. पुढे ती भागीदारीत परिणत झाली. 1768 च्या मे महिन्यात वेजवुडचा तो पाय अखेर कापावा लागला. गुंगीच्या औषधाचा शोध लागण्यापूर्वीचा तो काळ. तरीही त्याच वर्षी लंडनमध्ये त्याची पेढी थाटली गेली.

या पेढीची मांडणी हेच तिचे नावीन्य होते. फळ्यांवर एकावर एक चळत रचून ठेवण्याऐवजी येथे मेजे जेवणासाठी लावलेली असत. जणू यजमान आताच पाहुण्यांना बसावयास सांगणार आहे. भिंतींच्या कडेनेही भांडी नीट जुळवून ठेवलेली असत आणि ही रचना काही दिवसांनी बदलावी, असा वेजवुडचा आग्रह होता. एकदा पाहून गेलेल्या स्त्रियांना पुन्हा येण्याचे निमित्त हवे, हे त्याने जाणले होते. काळ्या मातीच्या चहादाण्या काढताना तर त्याच्या मनात असाही विचार आला की त्या काळ्या पार्श्वभूमीवर ओतणारीचा गोरा हात अधिकच खुलून दिसेल.

विक्रीच्या इतर युक्त्याही एकामागून एक आल्या. भांड्याच्या तळाशी स्वतःचे नाव उमटविणे, सचित्र सूचिपत्रे छापणे, लंडनपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च स्वतः सोसणे, पसंत न पडलेला माल परत घेणे. 1771 च्या सुमारास त्याने जर्मनीतील संस्थानिकांना व सरदारांना न मागता मालाच्या पेट्या धाडल्या. हे साहस मोठेच होते, पण बहुतेकांनी पैसे चुकते केले. रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीसाठी त्याने 952 नगांचा संच केला. त्यावर ब्रिटनमधील बाराशेहून अधिक दृश्ये हाताने रंगविलेली होती. या कामात नफा नाममात्रच होता. परंतु 1774 साली तो संच रशियास रवाना करण्यापूर्वी लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवरील नव्या पेढीत मांडला गेला, प्रवेशासाठी तिकिटे वाटली गेली आणि खुद्द राणी तो पाहावयास आली. खरा नफा तेथे झाला.

1772 साली इंग्लंडात पतपुरवठ्याचे अरिष्ट कोसळले व माल पडून राहू लागला. तेव्हा वेजवुडने हिशेबाच्या वह्या उघडून प्रत्येक भांड्याचा खर्च काढला. थोरामोठ्यांच्या वाड्यांत आपली भांडी पुरेशी मिरवली. आता मध्यम स्थितीतल्या लोकांना ती परवडतील अशा किमतीत द्यावी, हा निष्कर्ष त्यातून निघाला. मालाच्या वाहतुकीसाठी ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याची पहिली कुदळ त्याने 1766 सालीच मारली होती. 1777 साली तो पुरा झाला. इट्रूरिया या नावाने 1769 साली सुरू झालेला त्याचा नवा कारखाना कालव्याच्या काठावरच होता. मात्र तेथील शिस्त करडी होती. घंटेच्या ठोक्यावर कामाला येणे आणि एकाच कामाला जुंपून घेणे, हे स्वैर वृत्तीच्या कुंभारांना जड गेले. चहाच्या मेजावरील नीटनेटकेपणाची किंमत त्यांनीही मोजली.

आणखी एक किंमत समुद्रापलीकडे मोजली जात होती. त्या सुबक पेल्यांतील चहात पडणारी साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येई आणि ती आफ्रिकेतून बळजबरीने नेलेल्या गुलामांच्या श्रमातून निघे. चहाचे पान जितके वाढले तितकी पेल्यांची मागणी वाढली, साखरेचीही वाढली. 1787 साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, तेव्हा वेजवुड तिच्यात सामील झाला. त्याच्या कारखान्यात एक लहानसे पदक घडविण्यात आले: साखळदंडांनी जखडलेला, गुडघे टेकलेला एक काळा मनुष्य, आणि भोवती त्याचा प्रश्न, मी माणूस नव्हे काय, भाऊ नव्हे काय? ही पदके फुकट वाटली गेली. 1788 साली काही फिलाडेल्फियास बेंजामिन फ्रँकलिनकडे गेली. पुरुषांनी ती डब्यांच्या झाकणांवर बसविली, स्त्रियांनी बांगड्यांत व केसांत माळली. फॅशनचा जो ओघ वेजवुडने भांडी खपविण्यासाठी वळविला होता, तोच त्याने येथे न्यायाच्या कामी लावला. गुलामाला याचकाच्या पवित्र्यात दाखविल्याबद्दल पुढच्या काळातील अभ्यासकांनी या पदकास दोषही दिला आहे, आणि तो अनाठायी नाही. तरीही हजारो घरांत जो प्रश्न कोणी विचारीत नव्हते, तो त्या पदकाने विचारला. 1791 नंतर अनेक इंग्रज कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली. ब्रिटिशांचा गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला तो 1807 साली. वेजवुड तत्पूर्वीच, 1795 च्या जानेवारीत निवर्तला होता.

त्याची पेढी मात्र दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. 2009 साली ती आर्थिक संकटात सापडली आणि कंपनीच्या निवृत्तिवेतनाच्या कर्जापायी तिच्या संग्रहालयातील वस्तू विकण्याची वेळ आली. 2014 साली संस्थांनी आणि सामान्य नागरिकांनी वर्गणी गोळा करून तो संग्रह वाचविला. नमुन्यांच्या चकत्या, प्रयोगांच्या वह्या, राणीची भांडी आणि ते पदक आज बार्लास्टन येथे एकत्र पाहावयास मिळतात. मेज कसे मांडावे हे जगाला शिकविणाऱ्या कुंभाराने, त्या मेजावर काय वाढले जाते आणि ते कोणाच्या कष्टाचे आहे, याचेही स्मरण मागे ठेवले आहे.