उकिरडा कुणाचा?

माझ्या दादीच्या बोलण्यात 'कचरा' हा शब्द फारसा येत नसे. चुलीतली राख, शेळीच्या लेंड्या, भाजीची देठं, अंगण झाडून निघालेला केर हे सगळं एका पाटीत जायचं आणि ती पाटी घरामागच्या उकिरड्यावर रिकामी व्हायची. आमच्याकडे शेती नव्हती. त्यामुळे उन्हाळ्यात शेजारचे शेतकरी बैलगाडी आणून आमचा उकिरडा उपसून नेत आणि सुगीत दोन पायल्या ज्वारी आणून देत. दुसऱ्याच्या उकिरड्यातून खत उचललं म्हणून गावात भांडणं झालेली मी पाहिली आहेत. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते अशी म्हण आहे, पण आमच्या गावात ती दरवर्षी वैशाखातच फिटायची.

आता गावोगाव 'लोकसहभागातून घनकचरा व्यवस्थापन' असे फलक लागलेले दिसतात. त्यातली पद्धत नवी नाही. मात्र या लोकसहभागात हात कुणाचे असतात, हा प्रश्न जुन्या इतिहासातही टाळला गेला आणि आजही टाळला जातो.

खत कुजवण्याचं शास्त्र आपल्या शेजारीच, इंदूरमध्ये उभं राहिलं. १९२४ साली तिथे अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने संशोधन संस्था सुरू केली. उघड्यावरचा ढीग उन्हात वाळतो, पावसात त्याचा कस वाहून जातो. हॉवर्डने पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचले, ओल राखली, आत हवा जावी म्हणून ढीग तीनदा परतवला. साधारण तीन महिन्यांत खत तयार! १९३१ साली यावर जे पुस्तक आलं त्यावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड सेंद्रिय शेतीचा पितामह म्हणून जगभर गाजला. वाडांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? आणि ढीग परतवणाऱ्या मजुरांचं तर विचारूच नका.

कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी हा प्रश्न अंगावर घेतला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात या ब्राह्मण सत्याग्रहीने भंगीकाम मागितलं. ते नाकारलं गेलं तेव्हा त्यांनी अन्न कमी केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्यापासून सोनखत करून दाखवलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. पण त्याआधी पाच वर्षं, १९२७ साली, महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकर आपल्या लोकांना सांगत होते, मेलेली ढोरं ओढणं सोडा. अप्पांनी ते काम निवडलं होतं, महाडला जमलेल्यांवर ते जन्माने लादलेलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आणि आपण मुसलमानांनी तरी अंग झटकून बाजूला का उभं राहावं? सफाई करणाऱ्यांना अकबर बादशहाने 'हलालखोर', म्हणजे हलालची कमाई खाणारा, हे नाव दिल्याची नोंद आईन-ए-अकबरीत आहे. हा शब्द इतका टिकला की मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' होता. नाव किती सुंदर! पण त्या घरांशी सोयरीक करायला मोहल्ल्यातले किती जण पुढे आले, हे ज्याने त्याने आपल्या खानदानात विचारावं.

दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन असं आयुष्य काढलेल्या गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. आमच्या गावातली ती सकाळ मला अजून आठवते. मशिदीचे मुतवल्ली आणि देवळाचे पुजारी एकाच गटारात फावडं घेऊन उतरले होते. दादी दारात उभी राहून हसत होती. शाळेमागे नाडेपचं टाकंही बांधलं गेलं. ही पद्धत पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीच्या विटांत हवेसाठी भोकं. शंभर किलोच्या आसपास शेणात टाकंभर काडीकचरा कुजतो. जनावरं कमी होत चाललेल्या गावांसाठी याहून सोयीचं काय असणार?

तपासणी समिती येऊन गेली, तालुक्याचं बक्षीस मिळालं आणि खराटे पुन्हा एकाच वस्तीतल्या एकाच माणसाच्या हातात गेले. टाक्यात गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या साठल्या. दादीच्या पाटीत प्लास्टिक नव्हतं, म्हणून निवडण्याचा प्रश्नच नव्हता. आता ओलं-सुकं घरातच वेगळं झालं नाही, तर ते दुसऱ्या कुणालातरी हाताने वेगळं करावं लागतं.

सध्या आमच्या गावात बचत गटाच्या बायका ढकलगाडी फिरवतात आणि खत विकतात. त्यांतली एक आमच्याच मोहल्ल्यातली आहे. गेल्या ईदला गेलो तेव्हा माझी चाची तिच्या गाडीत सगळं एकत्रच ओतत होती. मी टोकलं तर म्हणाली, "निवडायचेच पैसे मिळतात ना तिला?" मी काही न बोलता बाजारातून दोन बादल्या आणून दिल्या, एक हिरवी, एक निळी. परवा फोनवर विचारलं. हिरवीत ओला कचरा जातो म्हणे. निळीत चाची कपडे भिजवते.