शतरंज खरंच रटाळ होती का?

बुद्धिबळात जीव ओतला तो युरोपने, बगदादची शतरंज संथ आणि कंटाळवाणी होती, असं आजही लिहिलं जातं. यातलं अर्धंच खरं आहे. अब्बासी काळातला वजीर, म्हणजे फिर्ज, तिरपं एकच घर चालायचा. फील (आज त्याच्या जागी आपला उंट, शब्दाचा अर्थ मात्र हत्ती!) तिरपी दोन घरं उडी घ्यायचा, म्हणून 64 पैकी जेमतेम 8 घरं त्याच्या वाट्याला. साहजिकच सुरुवातीला टक्कर कमी. खेळाडू आधी आपली 'ताबिया', म्हणजे ठरलेली मांडणी, उभी करत.

पण दुबळ्या मोहऱ्यांनी मात करणं कठीण, म्हणून नियमही तसेच होते. समोरचा शहा एकटा पाडला, लगेच फेड झाली नाही, की जीत. चाल न उरता कोंडला, तरी जीत. हा तोल वगळून कसला निकाल देता?

15व्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे वजीर मोकाट सुटला, वेग आला, हे मान्य. अस्-सूलीने 10व्या शतकात मांडलेलं एक कोडं मात्र विसाव्या शतकात सोव्हिएत ग्रँडमास्टर आव्हरबाख यांनी सोडवलं.